पंप बंद, तरी आकडा हलतोय

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कारखान्याच्या टेस्ट बेंचवर (पंपाची चाचणी घ्यायच्या मांडणीवर) परवापर्यंत सगळं वहीत चालायचं. एक जण गेज आणि फ्लो मीटर वाचायचा, दुसरा उतरवून घ्यायचा. मग एका ग्राहकाने चाचणीचा सलग डेटा फाइलमध्ये मागितला, आणि फेब्रुवारीत सेन्सरचे व्होल्ट संगणकात घ्यायचं काम निघालं. ग्राहकाने मान्य केलेली पहिली फाइल गेली जूनमध्ये. प्रत्यक्ष वायरिंगला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो कार्डाची (सेन्सरचे व्होल्ट आकडे करून संगणकाला देणाऱ्या यूएसबी उपकरणाची) वाट पाहण्यात आणि पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे ठरवण्यात. या दुसऱ्या भागाबद्दल लिहिलेलं फारसं सापडत नाही. ज्यांच्यासमोर असाच बेंच उभा आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे टिपण.

नोंदवायच्या गोष्टी चार होत्या. डिलिव्हरीचा दाब (० ते १० बार, दोन वायरचा ४–२० मिलिअँपिअर ट्रान्समीटर, म्हणजे शून्य दाबाला ४ आणि पूर्ण दाबाला २० मिलिअँपिअर करंट सोडणारा), मॅग्नेटिक फ्लो मीटर (४–२० मिलिअँपिअर, पण स्वतःच्या २३० व्होल्ट सप्लायवर चालणारा), मोटरच्या पॉवरचा ट्रान्सड्यूसर (४–२०), आणि व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते सांगणारा १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर.

खरेदीत तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि सही हे नेहमीचं होतंच. आयात मालाचं कोटेशन डॉलरच्या दराला बांधलेलं असतं, आमच्याची मुदत ३० दिवस होती. सही लांबली की कोटेशन नव्याने मागवावं लागतं, म्हणून तक्ता आधी तयार ठेवा आणि कोटेशन शेवटी मागवा. वर १८ टक्के जीएसटी धरायचा. सॉफ्टवेअरची ओळ वेगळी मागवा. कार्ड चालवणारा डीएक्यूएमएक्स हा ड्रायव्हर फुकट उतरवून घेता येतो, पैसे लागतात ते लॅबव्ह्यूच्या (मोजमापाचे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) परवान्याला. लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, पण व्यावसायिक कामाला चालत नाही आणि कारखाना हा व्यवसायच. पायथनची लायब्ररी वापरली तर तोही खर्च वाचतो. इथे लॅबव्ह्यू घेतलं, कारण पुढे देखभाल करणाऱ्या मुलाला तेच येत होतं. हे कारण मला पुरेसं वाटतं.

कार्ड कोणतं घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली. स्वस्तातलं यूएसबी-६००९ शेजारच्या कॉलेजातून चार दिवसांसाठी मिळालं होतं, त्यामुळे फरक डोळ्यांनी पाहता आला. ते डिफरन्शियल जोडणीत (धन आणि ऋण टोकांमधला फरक मोजणाऱ्या) १४ बिटचं आहे, म्हणजे ±१० व्होल्टच्या रेंजला एक पायरी, कार्डाला कळणारा सगळ्यात लहान फरक, सुमारे १.२ मिलिव्होल्टची. यूएसबी-६२१० हे १६ बिटचं, तिथे तीच पायरी ०.३ मिलिव्होल्ट. पण बिटांपेक्षा इनपुटचा रोध जास्त महत्त्वाचा निघाला. ६००९ चा इनपुट रोध फक्त १४४ किलोओहम आहे. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मध्यावर असताना २.५ किलोओहमचा स्रोत असल्यासारखा वागतो, म्हणजे तिथेच पावणेदोन टक्क्यांच्या आसपास चूक. ६२१० मध्ये हा रोध १० गिगाओहमच्या वर आहे.

६००९ ची आणखी एक खोड माहीत असलेली बरी. काहीच न जोडलेल्या चॅनलवर ते १.४ व्होल्टच्या आसपास दाखवतं. कार्ड बिघडलेलं नसतं, आतली रोधांची रचनाच तशी आहे. पण तुमचा सिग्नल १ ते ५ व्होल्टचा असेल तर १.४ व्होल्ट म्हणजे बरोबर १ बार होतो. सुटलेली वायर चालू पंपासारखी दिसते. अशा कार्डावर काम करणाऱ्याने एकदा वायर मुद्दाम काढून कोणता आकडा येतो ते पाहून लिहून ठेवावं.

६२१० ची ऑर्डर गेली. यायला सहा ते आठ आठवडे सांगितले होते, तितके लागले. त्या काळात मॅक्समध्ये (मेझरमेंट अँड ऑटोमेशन एक्सप्लोरर, कार्डाची मांडणी आणि तपासणी करायचा प्रोग्रॅम) सिम्युलेटेड डिव्हाइस, म्हणजे नकली कार्ड, तयार करून सगळा प्रोग्रॅम लिहून घेता येतो. त्यावर छान साइन वेव्ह येते. खरं कार्ड आल्यावर मात्र ही नक्कल आधी पुसून टाका. नाहीतर तिच्याकडे 'डेव्ह१' हे नाव राहतं, खऱ्या कार्डाला 'डेव्ह२' मिळतं आणि प्रोग्रॅम निवांत खोटी वेव्ह नोंदवत बसतो. मॅक्समध्ये नकली डिव्हाइसचं चिन्ह पिवळं, खऱ्याचं हिरवं. आम्ही कार्डाचं नावच बदलून बेंचच्या क्रमांकावर ठेवलं, म्हणजे उद्या दुसरं कार्ड लावलं तरी गोंधळ नाही.

४–२० मिलिअँपिअर कार्डाला थेट कळत नाही, त्याचे व्होल्ट करावे लागतात. २५० ओहमच्या रोधातून पाठवलं की १ ते ५ व्होल्ट. पण साध्या दुकानात २५० ओहम मिळत नाही. तिथे २४० मिळतो, नाहीतर १ टक्केवाला २४९. आणि काउंटरवरचा माणूस 'तेच हो' म्हणून तो हातात ठेवतो. २४९ लावून हिशेब २५० ने केला तर २० मिलिअँपिअरला ४.९८ व्होल्ट येतात आणि १० बारच्या जागी ९.९५ दिसतो. ०.१ टक्क्याचे २५० ओहम ऑनलाइन मागवले, एकेक पन्नास-साठ रुपयांना पडला. तरी प्रत्येक रोध चांगल्या मल्टीमीटरने मोजून त्याची खरी किंमत चॅनलसमोर लिहिली आणि हिशेबात तीच वापरली. उष्णतेची काळजी नको, २० मिलिअँपिअरला या रोधात जेमतेम ०.१ वॅट जळतो. धोका असतो तो ट्रान्समीटर आतून शॉर्ट झाल्यावर: पूर्ण २४ व्होल्ट रोधावर येतात, दोन वॅटच्या वर उष्णता होते आणि तेच २४ व्होल्ट कार्डाच्या तोंडाशी पोचतात. म्हणून प्रत्येक लूपला (ट्रान्समीटर आणि रोधातून फिरणाऱ्या करंटच्या वाटेला) ५० मिलिअँपिअरचा फ्यूज टाकला.

जोडणी अशी. २४ व्होल्ट एसएमपीएसचा (डीसी सप्लायचा) धन ट्रान्समीटरच्या धनाला, ट्रान्समीटरचा ऋण रोधाला, रोधाचं दुसरं टोक एसएमपीएसच्या शून्याला. रोधाच्या दोन टोकांवरून दोन वायरी कार्डाला. ६२१० मध्ये डिफरन्शियल जोडणीत चॅनल ० ची जोडी ८ शी, १ ची ९ शी, अशी क्रमाने जाते. एसएमपीएसचं शून्य आणि कार्डाचा एआय ग्राउंड (अ‍ॅनालॉग इनपुटची जमीन) एकाच ठिकाणी जोडायचे, दोन ठिकाणी नाही.

रोध लूपच्या कोणत्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि इथेच पहिली गाठ पडली. पॉवर ट्रान्सड्यूसरच्या पॅनलमध्ये रोध आधीपासून २४ व्होल्टच्या बाजूला बसवलेला होता. रोधावरचे व्होल्ट १ ते ५ च, मल्टीमीटर लावला तर सगळं बरोबर. पण रोधाची दोन्ही टोकं जमिनीपासून १९ ते २४ व्होल्ट वर तरंगत असतात, आणि हे कार्ड इनपुटला जमिनीपासून साधारण १० व्होल्टपर्यंतच पेलतं. आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो, आणि कार्ड जळण्याची भीती ती वेगळीच. म्हणून वायर कार्डात खोचण्याआधी प्रत्येक टोक एआय ग्राउंडच्या तुलनेत मल्टीमीटरने मोजायचं. १० व्होल्टच्या वर दिसलं तर खोचायचं नाही, आधी रोध शून्याच्या बाजूला आणायचा.

फ्लो मीटरचं उलट. तो स्वतःच करंट सोडतो, त्याला बाहेरून २४ व्होल्ट द्यायचे नसतात. काही मीटरमध्ये अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह आउटपुटसाठी जंपर असतो, तो आधी पाहावा. शिवाय त्याचं आउटपुट कशालाच जोडलेलं नसतं, तरंगतं. अशा तरंगत्या स्रोताला डिफरन्शियलमध्ये नुसतं जोडलं की आकडा हळूहळू सरकत १० व्होल्टकडे जातो आणि सगळे मीटरला दोष देतात. ऋण टोक एआय ग्राउंडला जोडून दिलं की जागेवर येतो.

हे समजून घ्यायचा स्वस्त मार्ग म्हणजे पेन्सिल सेल. नवा अल्कलाइन सेल दीड ते १.६ व्होल्ट देतो. मल्टीमीटरने मोजा, मग कार्डाच्या धन-ऋणाला लावा, मॅक्सचं टेस्ट पॅनल उघडा. दोन्ही आकडे दोन-तीन मिलिव्होल्टच्या आत जुळले तर कार्ड, केबल, ड्रायव्हर ठीक, पुढे जे बिघडेल ते सेन्सरच्या बाजूचं. आकडा सरकतो आहे? दोन्ही टोकांपासून एआय ग्राउंडला १०० किलोओहमचा एकेक रोध लावा, थांबेल. नंतरच्या प्रत्येक भांडणात हा सेलच पंच होता. बेंचच्या खणात एक कायमचा ठेवला आहे.

आता स्केल. दाबासाठी सूत्र सरळ: बार = २.५ × व्होल्ट − २.५. हे मॅक्समध्ये कस्टम स्केल म्हणून भरता येतं, पण त्यात एक खाच आहे. स्केल लावल्यावर किमान-कमाल या चौकटीतले आकडे व्होल्टचे राहत नाहीत, बारचे होतात. तुम्ही ० ते १० भरलं की ड्रायव्हर त्याचे १ ते ५ व्होल्ट करतो आणि आपण होऊन ±५ ची रेंज निवडतो. अचूकता वाढते म्हणून हे बरं वाटतं. पण ट्रान्समीटर २०.५ मिलिअँपिअरपर्यंत वैध सिग्नल देतो आणि बिघाड झाला की मुद्दाम २१ च्या वर किंवा ३.६ च्या खाली जातो. प्रोसेस उपकरणांच्या नामूर एनई ४३ या शिफारशीत हे ठरलेलं आहे. २१ मिलिअँपिअर म्हणजे ५.२५ व्होल्ट. ±५ च्या रेंजमध्ये ते ५ लाच कापलं जातं, आणि बिघडलेला ट्रान्समीटर 'बरोबर १० बार' असा सभ्य आकडा दाखवत राहतो. म्हणून रेंज ±१० ठेवली, आणि ०.९ च्या खाली किंवा ५.२५ च्या वर गेल्यास आकड्याऐवजी 'लूप तपासा' दाखवायचं ठरवलं. शून्य व्होल्ट आले तर वायर तुटली आहे किंवा फ्यूज गेला आहे, दाब शून्य असेल तर एक व्होल्ट यायला हवा. ४–२० ची खरी सोय हीच आहे.

फाइलमध्ये नोंद मात्र कच्च्या व्होल्टची. बार, लिटर, किलोवॅट नंतर काढायचे. स्केल चुकलं असेल तर व्होल्टवरून सगळं परत उभं करता येतं. नुसते बार लिहिले असतील आणि कोणतं स्केल होतं ते कुणाला आठवत नसेल, तर चाचणी परत घ्यावी लागते.

एप्रिलच्या मध्यावर सगळं जोडून झालं. दर सेकंदाला १० सॅम्पल (वाचनं) पुरेत असं ठरलं होतं, पंपाचा दाब काही मिलिसेकंदात बदलत नाही. ग्राफ सुरू केला. मोटर जोडलेली पण फिरत नव्हती, पाइपात दाब नव्हता. पडद्यावर एक सुंदर, मऊ लाट चाललेली. १.०४ व्होल्टपर्यंत चढायची, अर्ध्या मिनिटात ०.९६ पर्यंत उतरून परत वर. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर वर एक मीटर, खाली एक मीटर. वायरमन मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "साहेब, पंप बंद हाय, तरी ह्यो आकडा हलतोय कसा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. टाकीत लाट येते का, ट्रान्समीटर तापमानाने सरकतो का, एसएमपीएस डगमगतो का, सगळी नावं घेऊन झाली. उत्तर सॅम्पलिंगमध्ये होतं. सिग्नलमध्ये शिरलेली विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. आपण सेकंदाला १० वेळा डोळे उघडतो, आणि ५० हा १० चा पूर्ण पट आहे. म्हणजे प्रत्येक वेळी डोळे उघडतात तेव्हा ती लहर जवळजवळ त्याच जागी असते. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० नसते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवायची असते. ती ४९.९७ असेल तर फरक ०.०३ हर्ट्झचा, म्हणजे ३३ सेकंदांची एक लाट. पडद्यावर दिसत होती ती हीच. सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारी वस्तू अर्ध्या मिनिटाच्या संथ झोक्यासारखी दिसते आणि खऱ्या दाबाचं हुबेहूब सोंग घेते. याला एलियासिंग म्हणतात. एकदा फाइलमध्ये शिरलं की नंतर कोणत्याही फिल्टरने काढता येत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे आणि तिला काही खर्च नाही: सॅम्पलिंगचा दर बदला. १० ऐवजी १२ केला की ४८ हा त्याचा पट, फरक २ हर्ट्झचा. ती संथ लाट अर्ध्या सेकंदाच्या करवतीत बदलली. खरा दाब असता तर आपण किती वेळा बघतो यावर त्याचा वेग ठरला नसता. मग दर १,००० केला, आणि २० मिलिसेकंदांच्या स्वच्छ लहरी समोर उभ्या राहिल्या.

इलाज दोन टोकांनी केला. प्रोग्रॅममध्ये सेकंदाला १,००० सॅम्पल घेऊन दर १०० ची सरासरी नोंदवायची. १०० सॅम्पल म्हणजे १०० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सची पूर्ण पाच आवर्तनं. चढ आणि उतार एकमेकांना खातात. सरासरीची लांबी २० मिलिसेकंदांच्या पटीतच हवी, ७० किंवा ९० सॅम्पलची सरासरी घेऊन तो फायदा मिळत नाही. आणि फाइलमध्ये शेवटी सेकंदाला १० च आकडे राहतात, जे हवे होते तेच.

दुसरं टोक केबलचं. सिग्नलची शिल्ड (जाळीचं वेष्टन असलेली) केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये साताठ मीटर गेली होती आणि शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं. दोन टोकांना अर्थ केलं की शिल्डमधूनच करंट वाहायला लागतो. सिग्नल वेगळ्या पाइपातून फूटभर अंतराने नेला, जिथे ओलांडावाच लागला तिथे काटकोनात. शिल्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ, ट्रान्समीटरच्या टोकाला कापून स्लीव्ह चढवली. १,००० च्या दराने बघितलं तर ४० मिलिव्होल्टची गुणगुण तीनवर आली, आणि सरासरीनंतर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. १ मिलिव्होल्ट म्हणजे अडीच सेंटिमीटर पाणी, त्यामुळे यापुढे झगडण्यात अर्थ नव्हता.

हे मोजमाप एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीला एकदा आणि कामाच्या दिवशी एकदा करून पाहा. आसपास फाउंड्रीच्या इंडक्शन भट्ट्या असतील तर दोन्ही दिवसांच्या आकड्यांत फरक दिसतो, आणि सुट्टीचा आकडा हा तुमच्या स्वतःच्या वायरिंगचा म्हणून धरता येतो.

लॅपटॉपच्या चार्जरचंही एक प्रकरण असतं. ६२१० च्या इनपुट आणि यूएसबीमध्ये आयसोलेशन (विजेची फारकत) नाही, त्यामुळे चार्जरची अर्थ आणि पॅनलची अर्थ कार्डामधून एकमेकांना भेटतात. चार्जर काढल्यावर आकडा बदलत असेल तर गाठ तिथेच आहे. लॅपटॉप पॅनलच्याच सॉकेटवर लावला की बहुतेक वेळा भागतं. अर्थची पिन कापून टाकायचा सल्ला कुणीतरी हमखास देतं. तो ऐकू नका, पाण्याजवळ उभं राहून काम असतं.

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह चालू केल्यावर नवा खेळ. दाबाचा आकडा ड्राइव्ह सुरू होताच काही मिलिव्होल्टने सरकायचा, पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असो की उघडा. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (आतून वीज चालू-बंद करायचा वेग) ४ किलोहर्ट्झ होती, आणि ४,००० हा १,००० चा बरोबर चौपट. वरचंच भूत, यावेळी लाटेऐवजी सरक म्हणून आलेलं. दर १,०३० करून पाहिला तर सरक जाऊन थरथर आली, शंका मिटली. याला सरासरी पुरत नाही, गोंगाट कार्डात शिरण्याआधीच अडवावा लागतो. डिफरन्शियलच्या दोन्ही वायरींत ४.७ किलोओहमचा एकेक रोध आणि कार्डाच्या टर्मिनलवर दोहोंच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. मिळून १७ हर्ट्झचा फिल्टर होतो, स्थिर दाबाला पुष्कळ. वॉटर हॅमर (प्रवाह अचानक थांबल्यावर बसणारा दाबाचा धक्का) पकडायचा असेल तर हा चालणार नाही. आणि १४४ किलोओहमच्या ६००९ वर हेच रोध लावले तर आकडा कित्येक टक्क्यांनी खाली येईल, तिथे रोध लहान आणि कपॅसिटर मोठा घ्यावा.

पोटेन्शिओमीटरने वेगळाच त्रास दिला. त्याची वायर काढली तरी चॅनलवर दाबाचाच आकडा दिसायचा, जरा कमी. कार्डात प्रत्येक चॅनलला स्वतंत्र कन्व्हर्टर नसतो, एकच कन्व्हर्टर पाळीपाळीने सगळ्यांकडे जातो. मागच्या चॅनलचा चार्ज आतल्या छोट्या कपॅसिटरवर उरतो, आणि पुढच्याला तो काढून टाकायला स्रोतच नसेल तर जुनाच आकडा दिसतो. वायर जोडल्यावरही स्रोताचा रोध जास्त असेल तर थोडं शेपूट राहतं. पोटेन्शिओमीटरच्या चॅनलआधी एक चॅनल ग्राउंडला शॉर्ट करून यादीत घातला, त्याने मागचं पुसलं जातं. या शून्य चॅनलचा दुसरा उपयोग असा की तो रोज नोंदवला जातो; तो शून्यापासून सरकलेला दिसला तर त्या दिवशीच्या बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहायचं.

त्याच पोटेन्शिओमीटरला ५ व्होल्ट देणारा अ‍ॅडॉप्टर कधी ४.९५, कधी ५.०५. नवा सप्लाय घेण्यापेक्षा तो सप्लायच एका चॅनलवर नोंदवला आणि व्हॉल्व्हची टक्केवारी दोहोंच्या भागाकारातून काढली. सप्लाय हलला तरी भागाकार हलत नाही.

सॉफ्टवेअरच्या चुका क्रमांकाने ओळखू येतात. −५०१०३ आलं तर कार्ड दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं आहे. दहातल्या नऊ वेळा मॅक्सचं टेस्ट पॅनल मागे उघडं राहिलेलं असतं. −२००२२० म्हणजे त्या नावाचं कार्डच नाही, केबल निघाली किंवा नाव बदललं. −२००२८४ म्हणजे मागितलेले सॅम्पल वेळेत जमले नाहीत: सेकंदाला १० च्या दराने १,००० मागितले तर १०० सेकंद लागणार, आणि वाट पाहण्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची. जास्त छळतो तो −२००२७९. प्रोग्रॅम वाचायला उशीर करतो, तोवर बफर (सॅम्पल तात्पुरते साठवायची जागा) भरतो आणि न वाचलेल्यावर नवीन लिहिलं जातं. सेकंदाला १,००० च्या दराला ड्रायव्हर प्रत्येक चॅनलसाठी १०,००० सॅम्पलची जागा ठेवतो, म्हणजे दहा सेकंदांची सवलत. प्रोग्रॅमच्या ज्या लूपमध्ये (सतत फिरणाऱ्या भागात) वाचन आहे त्यातच एक्सेल फाइल उघडणं, ग्राफ रंगवणं आणि 'फाइल कुठे ठेवू' विचारणारी खिडकी असेल तर ती सवलत कधीतरी संपतेच. वाचनाचा लूप वेगळा, लिहिण्याचा वेगळा, मध्ये क्यू, म्हणजे सॅम्पलची रांग. आणि प्रत्येक वेळी दराच्या एक दशांश, म्हणजे १०० सॅम्पल वाचायचे. बफर मोठा केल्याने चूक जात नाही, उशिरा येते.

विंडोजची झोप आणि यूएसबीची वीजबचत दोन्ही बंद करा. तासभराच्या चाचणीत लॅपटॉप विसाव्या मिनिटाला झोपला तर उरलेली चाळीस मिनिटं पंप नुसता फिरतो.

फाइल टीडीएमएस या लॅबव्ह्यूच्या स्वरूपात ठेवली. कच्च्या सॅम्पलचं सीएसव्ही एक्सेलला पेलत नाही: एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, १,००० च्या दराने ती साडेसतरा मिनिटांत भरते. टीडीएमएसमध्ये वेळ जागतिक वेळेत साठवली जाते. पायथनने थेट वाचलं की सकाळी साडेदहाची चाचणी पहाटे पाचची दिसते, साडेपाच तास मिळवायचे. ग्राहकाकडे फाइल पाठवताना हे पत्रात एका ओळीत लिहा, नाहीतर रात्रपाळीत चाचणी घेतली का, अशी विचारणा येते.

मे महिना कॅलिब्रेशनमध्ये गेला. दाबाचा ट्रान्समीटर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत दिला, दीड हजाराच्या आसपास अधिक जीएसटी, आणि रांग पंधरवड्याची. देताना रेंज, आउटपुट, हवे ते पाच बिंदू आणि प्रमाणपत्रावर कारखान्याचं नाव-पत्ता कसा हवा हे लेखी द्या. पत्त्यात चूक झाली तर दुरुस्तीचं प्रमाणपत्र पुन्हा रांगेत जातं. चढत्या आणि उतरत्या दोन्ही दिशांचे आकडे मागा. परत आल्यावर आणखी एक तपासणी जागेवर हवी, कारण प्रमाणपत्र फक्त ट्रान्समीटरचं असतं. रोध, केबल, फिल्टर, कार्ड त्यात नाहीत. ट्रान्समीटरच्या जागी लूप कॅलिब्रेटर लावून ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर सोडायचे, फाइलमध्ये १, २, ३, ४, ५ व्होल्ट येतात का पाहायचं. शेवटच्या बिंदूला १.२ मिलिव्होल्टचा फरक राहिला, म्हणजे ३ सेंटिमीटर पाणी. तो तक्ता प्रमाणपत्राला जोडला.

जूनमधल्या फाइलवर ग्राहकाची एकच शंका आली: पंप सुरू होण्याआधी दाब ०.०२ बार का, शून्य का नाही? व्होल्टच्या रकान्यात १.००८ होते. ट्रान्समीटर पंपाच्या मध्यरेषेपासून २० सेंटिमीटर खाली बसवला आहे आणि त्याची नळी पाण्याने भरलेली असते. ८ मिलिव्होल्ट त्या पाण्याचे. उंची टेपने मोजून फाइलच्या माहितीत लिहिली, डेटा होता तसाच ठेवला.